वॅट मोजायचाय? आधी मीटर मोजा!

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दोन जातीच्या सायकली असतात. एक, जी पहिल्या वर्षाला घरून येते आणि चौथ्या वर्षाला भंगारात जाते. दुसरी, जिच्या मालकाला सायकलीपेक्षा तिच्यावरच्या आकड्यांत जास्त रस असतो! या दुसऱ्या जमातीत सध्या 'पॉवर मीटर'चं वारं आहे. मेसमधल्या भाजीवर होत नाही एवढी चर्चा 'किती वॅट मारतोस?' यावर होते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी रायडर आपल्या घाटांतून गेले, तेव्हापासून तर विचारूच नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पॉवर मीटर ही फार छान गोष्ट आहे, पण ती दागिना नाही, मोजमापाचं साधन आहे. आणि जे साधन आपण तपासत नाही, त्याच्या आकड्यावर कोणाला मोठा किंवा लहान ठरवू नये.

मी जळकोटचा, धाराशिव जिल्ह्यातला. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद हायवेवर, म्हणजे जुना नऊ नंबर, आताचा ६५. पावसाळ्यात तिथे पश्चिमेचा वारा असा सुटतो की जळकोटहून उमरग्याकडे निघालेला कोणीही पोरगा स्वतःला चॅम्पियन समजतो. तोच पोरगा परत नळदुर्गच्या दिशेला तोंड करून निघाला की ऊसाचा ट्रॅक्टर त्याला मागे टाकतो. पाय तेच, दम तोच, स्पीड मात्र निम्मा. म्हणजे आमच्या रस्त्यावर स्पीडोमीटर रायडरबद्दल कमी आणि वाऱ्याबद्दल जास्त बोलतो. वॅटचं तसं नाही. जाताना १८० आणि येताना १८० असेल तर मेहनत सारखीच झाली, एवढं नक्की कळतं. मीटरचा खरा उपयोग हा.

आता आत काय असतं? सेकंड इयरला लॅबमध्ये ज्याला आपण कंटाळून हात लावला, तोच स्ट्रेन गेज! क्रँक किंवा पेडलचा धातू दाबाने किंचित वाकतो, गेजचा रेझिस्टन्स बदलतो, ब्रिज सर्किट तो पकडतं, त्यावरून टॉर्क. टॉर्क गुणिले कोनीय वेग म्हणजे पॉवर. ९० आरपीएमला २०० वॅट हवे असतील तर सुमारे २१ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, करून बघा. जर्मनीच्या उलरिख शोबेरर या इंजिनिअरने १९८६ मध्ये 'एसआरएम' कंपनी काढली ती याच कल्पनेवर. व्हायवाला 'स्ट्रेन गेजचा उपयोग सांगा' असं विचारलं की आपण पुलाचंच उदाहरण देतो. यापुढे हे द्या.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने मात्र कर्ज काढू नये. सायकलसकट वजन ७५ किलो, आणि समजा १०० मीटर उंचीची चढण ८ मिनिटांत काढली. एमजीएच म्हणजे ७३,५०० ज्यूल, भागिले ४८० सेकंद, झाले १५३ वॅट. टायर आणि हवेचे तीस-पस्तीस वॅट वर धरा. सोलापूरकडून तुळजापूरला येताना जो घाट लागतो, तो महिन्यातून एकदा वारा पडलेला असताना घड्याळ लावून चढा. खर्च शून्य, आणि प्रगती होतेय की नाही ते स्वच्छ कळतं.

घ्यायचाच असेल तर आधी सायकल बघा, मग जाहिरात. साध्या गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा चौकोनी टोकाचा अॅक्सल असतो, त्यावर नवीन धाटणीचा क्रँक-मीटर बसत नाही. कॉटर पिनच्या काळ्या सायकलीचं तर नावच नको. हबमधला मीटर एकेकाळी चालायचा, आता दुकानात क्वचित दिसतो, शिवाय चाक बदललं की मीटर गेला. म्हणून माझं मत पेडलवाल्याला. एका सायकलीवरून काढून दुसरीला लावता येतो, आणि हॉस्टेलच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. स्वस्तातले मीटर फक्त डावा पाय मोजतात आणि दुप्पट करतात. तुमचा डावा पाय ४८ टक्के काम करत असेल तर खऱ्या २०० वॅटला तो १९२ दाखवणार. स्वतःची स्वतःशी तुलना करायला हे चालतं. रूममेटशी करायला नाही!

सांभाळणं हा खरा विषय आहे, आणि तिथेच आपली बोंब असते. 'झिरो' केलं की कॅलिब्रेशन झालं असं सगळे समजतात. अरे, y = mx + c आठवा. झिरो केल्याने फक्त c जागेवर येतो. m चुकीचा असेल तर झिरो शंभर वेळा करा, आकडा चुकणारच. झिरोसुद्धा कधी करता याला महत्त्व आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पंख्याखालच्या खोलीतून सायकल काढून लगेच झिरो केलं आणि रस्त्यावर धातू तापला, की झिरो सरकतो. बरेच मीटर तापमानाची भरपाई स्वतः करतात, तरीही सायकल दहा-पंधरा मिनिटं बाहेर सावलीत राहू द्या, पेडलवर पाय न ठेवता झिरो करा, मग निघा.

आणि m तपासायचा तर लॅबमधली वजनं आहेतच. ज्या मीटरचं अॅप टॉर्क दाखवतं त्याला हे जमतं. मागचा ब्रेक घट्ट धरा, क्रँक पुढे आडवा ठेवा, पेडलच्या अॅक्सलला १० किलो टांगा. क्रँक १७० मिलिमीटरचा असेल तर १६.७ न्यूटन-मीटर यायला हवेत. पेडल मीटरला क्रँकची लांबी आपण सांगायची असते. १७० च्या जागी १७५ टाकलं तर २०० चे २०६ वॅट होतात. बसल्या जागी तीन टक्के फिटनेस!

बाकी गोष्टी साध्या आहेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पेडल टॉर्क रेंचनेच आणि कंपनीने सांगितलं तेवढंच आवळायचं, सायकलवाल्याला हातोडी उचलू द्यायची नाही. हायवेवरच्या वॉशिंग सेंटरची प्रेशर गन ट्रकसाठी असते, क्रँक-पेडलसाठी नव्हे. ओल्या फडक्याने पुसा. बटण-सेल असेल तर पावसाळ्यात झाकणाचं रबर बघत जा. आकडे अचानक उड्या मारायला लागले की आधी सेल बदला, मग नशिबाला दोष द्या.

आता मुद्द्याचं. उद्या सायकलिंग टीमच्या निवडीत कोणी मोबाईलवर वॅटचा स्क्रीनशॉट दाखवला आणि तो ग्राह्य धरला, तर ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो निवडला जाईल. जळकोट, येणेगूरसारख्या गावातला पोरगा, जो खरंच जास्त जोर लावतो, तो बाहेर बसेल. वर त्या स्क्रीनशॉटमागचा मीटर कोणी तपासलेला नसेल. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. त्यांची नोंद झाली ती किती वेळात किती अंतर कापलं याची. आपणही निवड टाइम ट्रायलवरच करावी. एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, जाऊन-येऊन.

आणि मीटर शिकण्यासाठी हवाच आहे, तर जिमखाना आणि मेकॅनिकल विभागाने मिळून पेडलचा एकच जोड घ्यावा. तो लॅबच्या कपाटात राहील, टॉर्क रेंच सोबत. शेजारी एक रजिस्टर: कोणी नेला, झिरो किती आला, १० किलोला किती दाखवलं, सेल कधी बदलला. दर महिन्याला सेकंड इयरची एक बॅच वजन टांगून वाचन घेईल आणि तेच त्यांचं प्रॅक्टिकल धरावं. किल्ली लॅब असिस्टंटकडे असावी, जिमखान्याच्या सेक्रेटरीकडे नको. कॅरमच्या सोंगट्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.