शस्त्रक्रियागृहातील फिरती क्ष-किरण यंत्रे : उत्पादनानंतरचा प्रश्न आराखड्याचा

वैद्यकीय उपकरणांचे उत्पादन देशातच वाढावे यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन संलग्न प्रोत्साहन योजना जाहीर केली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाला मंजुरी दिली, त्यावेळी या योजनेखालील १४ प्रकल्पांत ३७ उत्पादने तयार होऊ लागल्याचे सांगण्यात आले होते. शस्त्रक्रियागृहात वापरले जाणारे ‘सी-आर्म’ हे फिरते क्ष-किरण यंत्र आणि उच्च दर्जाच्या क्ष-किरण नलिका त्यांत होत्या. हे यंत्र देशात तयार होऊ शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ते कोणत्या शस्त्रक्रियागृहासाठी तयार व्हावे, हा प्रश्न मात्र अद्याप पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

सी-आर्म म्हणजे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी कमान. तिच्या एका टोकाला क्ष-किरण नलिका आणि दुसऱ्या टोकाला प्रतिमा टिपणारा भाग असतो. रुग्ण या दोहोंच्या मध्ये टेबलावर असतो. मोडलेल्या हाडाच्या पोकळीत सळी बसवल्यावर तिच्या छिद्रांत स्क्रू घालायचे असतात. ती छिद्रे हाडाआड असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत, पडद्यावर दिसतात. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. पडल्यामुळे वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडते, ती संख्या याखेरीज. या यंत्राची गरज महानगरांतील मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित नाही, हे यावरून लक्षात यावे.

‘फिरते’ हे विशेषण तसे फसवे आहे. अशा यंत्राचे वजन साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो असते. ते एका शस्त्रक्रियागृहातून दुसऱ्यात ढकलत नेताना दाराचे उंबरठे, उखडलेल्या फरशा आणि जमिनीवर पसरलेल्या वायरी आड येतात. त्यामुळे चाकांचा व्यास, ब्रेक आणि वायर बाजूला सारणारी पट्टी या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी प्रत्यक्षात महत्त्वाच्या ठरतात. दुसरी अडचण उष्णतेची. नलिकेला दिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे एक टक्काच क्ष-किरणांत रूपांतरित होते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. शस्त्रक्रिया लांबली आणि वातानुकूलन अपुरे असले, तर नलिका थंड होईपर्यंत थांबावे लागते. वीजपुरवठ्यातील चढउतार ही लहान रुग्णालयांची नेहमीची तक्रार. नेहमीच्या सॉकेटवर चालणारे आणि वीज गेल्यास पडद्यावरील शेवटची प्रतिमा न गमावणारे यंत्र अशा ठिकाणी अधिक उपयोगी पडेल, मग त्याची कमाल शक्ती थोडी कमी असली तरी चालेल.

सर्वांत गंभीर मुद्दा शस्त्रक्रियागृहात उभ्या असणाऱ्यांचा आहे. क्ष-किरण रुग्णाच्या शरीरावर आदळून सर्व दिशांना विखुरतात आणि कर्मचाऱ्यांना मिळणारी मात्रा मुख्यत्वे या विखुरलेल्या किरणांची असते. हे विखुरणे नलिकेच्या बाजूला अधिक असल्याने नलिका टेबलाखाली आणि प्रतिमा टिपणारा भाग वर, रुग्णाच्या जवळ, ठेवावा असा संकेत आहे. मात्र खुब्याच्या शस्त्रक्रियेत समोरून आणि बाजूने, अशा दोन्ही प्रतिमा वारंवार लागतात. कमान फिरवली की टेबलाखालचा निर्जंतुक नसलेला भाग निर्जंतुक क्षेत्राजवळ येतो. म्हणजे संसर्ग टाळणे आणि किरणोत्सर्ग टाळणे या दोन्ही गोष्टी त्या एका कमानीच्या घडणीवर अवलंबून आहेत. ती हलकी फिरणारी आणि सहज आच्छादता येण्याजोगी हवी.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची व्यावसायिक मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली. अपेक्षेपेक्षा कमी मात्रेनेही मोतीबिंदू होऊ शकतो, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे कर्मचारी छातीवर, शिशाच्या ॲप्रनखाली जो बिल्ला लावतात, तो धडाला मिळालेली मात्रा सांगतो. डोळे आणि हात यांचा हिशेब त्यात येत नाही. किरणांचा सलग प्रवाह न सोडता ते ठरावीक अंतराने सोडणे, झोत हवा तेवढाच ठेवणे, पायाचे बटण सोडल्यावर शेवटची प्रतिमा पडद्यावर कायम राखणे, हे उपाय तंत्रज्ञांना परिचित आहेत. यंत्र सुरू होताच ते आपोआप लागू व्हावेत, त्यासाठी निराळे बटण शोधावे लागू नये. घाईच्या वेळी असे बटण कोणी शोधत नाही!

सपाट डिटेक्टर बसवलेली यंत्रे जुन्या नळकांड्यासारख्या रचनेपेक्षा आटोपशीर असतात आणि शल्यचिकित्सकाच्या हातांना अधिक जागा देतात. ती महागही असतात. डिटेक्टर बिघडल्यास दुरुस्तीला किती दिवस लागतील, हे खरेदीच्या निविदेत किमतीइतकेच ठळकपणे विचारले जायला हवे.

किरणोत्सर्ग नसलेला पर्याय म्हणून सुवाह्य सोनोग्राफीकडे पाहिले जाते. भूलतज्ज्ञ तिच्या साह्याने नस शोधून तेवढाच भाग बधिर करतात. लहान शहरांत एकच भूलतज्ज्ञ दिवसभरात अनेक रुग्णालयांत जातो, पण यंत्र सोबत नेऊ शकत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या बदलानुसार, फिरत्या वैद्यकीय पथकांचा अपवाद वगळता, असे यंत्र नोंदणीकृत जागेतच वापरावे लागते. या नियमामागील कारण सबळ आहे आणि ते संपलेले नाही. त्यामुळे यंत्र अधिकाधिक लहान करण्याची स्पर्धा येथे फारशी कामाची नाही. प्रत्येक लहान शस्त्रक्रियागृहाला स्वतःचे म्हणून परवडेल, असे यंत्र अधिक उपयुक्त ठरेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ५०० कोटी रुपयांच्या वैद्यकीय उपकरण उद्योग बळकटीकरण योजनेत वैद्यकीय अभ्यासांसाठीही साह्याची तरतूद आहे. या अभ्यासांसाठी मोठ्या शहरांतील संस्थांबरोबर जिल्हा रुग्णालयांचीही निवड झाली, तर उंबरठ्यावर अडणारी चाके आणि तापणाऱ्या नलिका यंत्र बाजारात येण्यापूर्वीच नजरेस येतील.