पाटी आपली, किल्ली कुणाकडे?



अकोल्याच्या जठारपेठेतून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुगवड्या, कुरडया, सरगुंडे आणि दिवाळीचा फराळ घरी करून त्या विकतात. यजमान गेल्यापासून दोन मुलांची शिक्षणं याच उद्योगावर चालली आहेत. चार वर्षांपूर्वी पुतण्यानं हौसेनं गूगलच्या नकाशावर त्यांच्या उद्योगाची नोंद करून दिली, फेसबुकवर पानही काढून दिलं. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि इकडे बाईंचा फोन नंबर बदलला. यंदाच्या दिवाळीत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. “माझ्या हाताची चव गेली की काय, या विचारानं झोप लागेना,” असं त्या लिहितात. शेवटी एक जुनी गिऱ्हाईक घर शोधत दारात आली नि म्हणाली, “अहो, तुम्ही काम बंद केलं ना? नकाशावर तसंच लिहिलंय, आणि फोनही लागत नाही!”

म्हणजे चव कुठेच गेली नव्हती. दारावरची पाटी तेवढी उतरली होती, आणि ती परत लावायची किल्ली पुण्यात होती.

तुम्ही म्हणाल, आपणहून ‘बंद’ असं कुणी लिहिलं? कुणीही लिहू शकतं, बरं का! नकाशावरच्या नोंदीत दुरुस्ती सुचवायची सोय सगळ्यांनाच आहे. फोन लागला नाही, की कुणी तरी ‘बंद झालं’ असं कळवून मोकळं होतं. मालकानं लक्ष ठेवलं नाही, तर तेच खरं ठरतं.

म्हणून पहिली गोष्ट मालकीची. नोंद ज्या ईमेल खात्यावरून होते, ते खातं म्हणजे मालक. तेव्हा स्वतःच्या नावाचं खातं काढा आणि परवलीचा शब्द डायरीत लिहून कपाटात ठेवा. मुलगा, भाचा, शेजारचा कॉलेजकुमार यांची मदत जरूर घ्या. पण त्यांना ‘व्यवस्थापक’ करा, ‘मालक’ आपणच राहा. व्यवस्थापकाला मालकाचं नाव काढता येत नाही. फेसबुकच्या पानाचंही तसंच. त्याचा पूर्ण ताबा आपल्याकडे असू द्या.

किल्ली आधीच दुसऱ्याकडे असेल, तर त्यानं आपल्याला मालक म्हणून जोडायचं. हे फोनवर बोलता बोलता होण्यासारखं काम आहे. मात्र नव्या मालकाला सगळे अधिकार वापरायला सात दिवस थांबावं लागतं, म्हणून हे काम सणाच्या तोंडावर काढू नका. तो माणूस सापडतच नसेल, तर नोंदीवरूनच मालकीची मागणी करता येते. त्याला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. उत्तर आलं नाही, तर बहुधा आपल्याला स्वतःची ओळख पटवून नोंद मागता येते. ओळखीसाठी अनेकदा व्हिडिओ मागतात. रस्ता, घरावरची पाटी, स्वयंपाकघर, वजनकाटा, पाकिटं असं सगळं मध्ये न तोडता सलग दाखवायचं. आधी एकदा तालीम करून घ्या.

दुसरी गोष्ट नाव-पत्त्याची. पाटीवर जे नाव, तेच सगळीकडे. नावाला ‘अकोल्यातील सर्वोत्तम’ अशी शेपटी जोडू नका. ते नियमात बसत नाही, आणि शोभतही नाही. इंग्रजीत लिहिताना ‘जठारपेठ’ एका ठिकाणी जोडून, दुसरीकडे तोडून, असं करू नका. आणखी एक. आपलं अकोला वेगळं आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले वेगळं! इंग्रजी अक्षरांत दोन्हींचा घोटाळा सहज होतो, तेव्हा जिल्हा लिहा आणि नकाशावरची खूण नेमक्या आपल्या गल्लीत आहे ना, ते बोटानं मोठं करून पाहा. फोन नंबर बदलला, तर गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, जस्टडायल, जिथे जिथे नोंद असेल तिथे त्याच दिवशी बदला.

गिऱ्हाईक घरी येत नसेल आणि माल पोचवूनच देत असाल, तर घराचा पत्ता झाकून फक्त ‘अकोला शहर’ असा भाग दाखवता येतो. दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या भगिनींनी हे अवश्य करावं.

तिसरी गोष्ट वेळेची. वैशाखात आपल्या वऱ्हाडात दुपारी कोण दार उघडतं? मग नोंदीत सकाळ-संध्याकाळची वेळच लिहा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, त्या दिवशी शहरात गर्दीतून वाट काढणं कठीण. अशा दिवसांची वेगळी वेळ आधीच भरून ठेवता येते. उन्हातान्हात आलेलं गिऱ्हाईक बंद दार पाहून परत गेलं, तर ते सहसा पुन्हा येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप २०१८ साली आलं. त्यात मालाची फोटोंसह यादी आणि दर लावता येतात. आपण स्वयंपाकात गुंतलेल्या असताना ‘संध्याकाळी कळवते’ असं उत्तर ते आपोआप पाठवतं. फोटो मात्र आपल्याच कुरडयांचे हवेत, खिडकीच्या उजेडात काढलेले. पाकिटावरचा अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर दिसला, की नव्या गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो.

आता अभिप्राय. कुणी लिहिलं, ‘चकल्या मऊ निघाल्या’, तर लगेच भांडायला उठू नका. एक रात्र जाऊ द्या. मग लिहा, ‘वाईट वाटलं. कृपया फोन करा, बदलून देते.’ हे उत्तर त्या एका बाईसाठी नसतं, मागाहून वाचणाऱ्या पन्नास जणींसाठी असतं. आणि सवलतीच्या बदल्यात चांगले अभिप्राय मागू नका. गूगलला ते चालत नाही.

शेवटची गोष्ट सावधपणाची. २०१८ साली बँक ऑफ इंडियाच्या काही शाखांच्या नकाशावरील नोंदींत भामट्यांनी आपलेच फोन नंबर घुसवले होते. लोक बँक समजून त्यांच्याशी बोलले आणि तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपर्यंत गेल्या. बँकेचं असं होतं, तर आपलं का होणार नाही? म्हणून दर सोमवारी चहा घेताना पंधरा मिनिटं काढा. दुसऱ्याच्या फोनवरून आपलं नाव शोधा. नंबर, वेळ, पत्ता तपासा. गूगलवरची नोंद फुकट असते; ‘पैसे भरा, नाही तर नोंद काढू’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा चोरच समजा. फसगत झालीच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा.

पत्राच्या शेवटी त्या भगिनी विचारतात, “पुतण्याला चांगली खरडपट्टी काढून पत्र लिहू का?”

नको, बाई. त्यानं मायेनंच केलं होतं. चूक एवढीच, की त्यानं शिकवलं नाही आणि आपण विचारलं नाही. रविवारी त्याला फोन करा, किल्ली मागून घ्या आणि तो सांगेल तशी एकेक बटणं स्वतःच्या बोटानं दाबा. पन्नास पायल्यांचं वाळवण एकटीनं निस्तरणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही. आणि तो सुट्टीला आला, की मुगवड्यांची भाजी करून वाढा.

पाटी पुन्हा लागली, की आम्हाला जरूर कळवा.