आपल्या पोरांनी फक्त ट्रायपॉडच उचलायचा का?

मास कम्युनिकेशन, सोशल वर्क, समाजशास्त्र अशा विभागांत हल्ली शॉर्टफिल्म प्रकल्प म्हणून दिली जाते. चार-पाच जणांचा गट, दहा मिनिटांची फिल्म, विभागात स्क्रीनिंग आणि गुण. विषय बहुतेक वेळा वस्ती. सफाई कामगार, वीटभट्टी, कचरा वेचणाऱ्या बाया. गटात आपला एखादा पोरगा किंवा पोरगी असली की कामाची वाटणी जवळपास ठरलेली. लोकेशन त्यानं मिळवायचं, कारण 'तुझ्या ओळखीची माणसं आहेत ना'. बायांना बोलतं त्यानं करायचं, उन्हात ट्रायपॉडही त्यानंच धरायचा. शेवटी नावं येतात तेव्हा दिग्दर्शन दुसऱ्याच कुणाचं आणि आपला पोरगा 'विशेष आभार'मध्ये.

अशी एक फिल्म मी एका विद्यापीठात पाहिली. सफाई कामगार बाईवरची. कॅमेरा तिच्या हातांवर, झाडूवर, गटारावर हलत नव्हता. नंतर गटातल्या आपल्या मुलाशी बोललो तेव्हा कळलं की ती बाई मुलीच्या एलएलबी प्रवेशाबद्दल पाच मिनिटं भरभरून बोलली होती. एडिटमध्ये ते काढलं. का, तर 'विषयाशी संबंध नाही'. म्हणजे घाण हा विषय आणि तिच्या घरातली वकील होऊ घातलेली मुलगी विषयाबाहेर! हा निर्णय कुणी तरी घेतला. असा निर्णय घेणं यालाच दिग्दर्शन म्हणतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, कुणाला किती वेळ बोलू द्यायचं, काय कापायचं. आपल्या मुलाला तिथे मत होतं, पण अधिकार नव्हता.

सिनेमात हे नवं नाही. 'अछूत कन्या' १९३६ साली आला. त्यातली कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते. 'सुजाता' १९५९चा. तिथे नायिकेला घरातली मुलगी म्हणून मान्यता मिळते ती तिनं रक्त दिल्यावर. दोन्ही चित्रपट चांगल्या हेतूनं केलेले आहेत, हे मी नाकारत नाही. पण अस्पृश्य मुलीनं मरावं किंवा रक्त द्यावं, मग प्रेक्षकाच्या डोळ्यात पाणी यावं, हा हिशेब कुणी मांडला? आता 'फँड्री' आठवा. जब्याचं कुटुंब मारलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून जातं आणि भिंतीवर बाबासाहेब, फुले. एक शब्द कुणी बोलत नाही. अखेरचा दगड तर थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघणाऱ्याकडेच येतो. ही फ्रेम सहानुभूतीतून सुचत नाही.

आणि नागराज मंजुळेंची सुरुवात 'फँड्री'पासून झालेली नाही. नगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली. शाळेची ओढ असलेल्या एका मुलाची ती गोष्ट. विद्यार्थ्याच्या त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रत्येकाला पुरस्कार मिळेल असं मी म्हणत नाही, ते खोटं आमिष होईल. सांगायचं एवढंच की तो विद्यार्थी दुसऱ्याच्या फिल्मसाठी वस्ती दाखवत फिरत राहिला असता, तर 'पिस्तुल्या' झालीच नसती.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. आई-बापांचा आक्षेप असा की आधी नोकरी, मग हौस. तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत मेसचं बिल थकतं, त्या घरानं असं म्हणणं रास्तच आहे. म्हणून तर फिल्म विद्यार्थी असतानाच करा, प्रकल्प म्हणून करा. गुणही मिळतील आणि विभागाचा कॅमेराही. नोकरी लागल्यावर ना सुट्टी मिळते ना गट.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या ज्येष्ठांचा. फिल्म म्हणजे चैन, मोर्चाला या. त्यांना ३१ जानेवारी १९२० ची आठवण द्यावीशी वाटते. बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा ते २८ वर्षांचे होते, लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, सिडनहॅम कॉलेजात नोकरी. नोकरीमुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं द्यावं लागलं. 'केसरी'नं पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता. दुसऱ्याच्या पानावर जागा मागून मिळत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. आज ते पान मोबाईलच्या पडद्यावर आहे. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जेवढा पैसा जातो त्यात आपल्या किती पोरांच्या शॉर्टफिल्म होतील, याचा हिशेब मंडळांनी एकदा कागदावर करावा.

विषयाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. आपली पोरंसुद्धा कॅमेरा हातात आला की अत्याचाराकडेच धावतात. अत्याचार दाखवायलाच हवा. पण पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये अर्धवट अभिनयानं उभी केलेली मारहाण पीडितालाही न्याय देत नाही. त्यापेक्षा भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारून 'खोली कालच गेली' म्हणणारा घरमालक घ्या. त्यात दोन माणसं आणि एक दार पुरतं. किंवा वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्या बाया घ्या. दहावीसुद्धा न झालेली एखादी आजी बोट ठेवून ओळ वाचते आणि अवघड शब्दाला अडली की शेजारची पोरगी तो उच्चारून दाखवते. कुठल्या चित्रपटात पाहिलंत हे? बाहेरचा दिग्दर्शक तिथे पोचतच नाही, कारण त्याच्या लेखी तिथे काही 'घडत' नाही.

तांत्रिक बाबींचा बाऊ नको. मोबाईलचं चित्र पुरतं, घात आवाज करतो. वस्तीत मिक्सर, लाऊडस्पीकर, गाड्या असतातच. बोलणाऱ्याच्या खिशात दुसरा मोबाईल रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटमध्ये आवाज चित्राला जुळवता येतो. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर झाली. पार्श्वभूमीला भीमगीत टाकताना मात्र जपून. वामनदादा कर्डक २००४ साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. गाणं 'आपलं' आहे म्हणून परवानगी टळत नाही.

आपल्या गटांतही एक वाटणी मला खटकते. मुलगा दिग्दर्शक, मुलगी अँकर किंवा 'कॉस्च्युम'. वर्गात जो अन्याय आपल्यावर झाला तोच आपण आपल्या बहिणींवर करणार असू, तर त्या फिल्मच्या शेवटी 'जय भीम' लिहून काय उपयोग?

हक्काचं कामही आधीच करून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, दिग्दर्शक नाही. विभागानं, एखाद्या संस्थेनं किंवा मित्रानं पैसे घातले असतील, तर फिल्म कुणाची यावर उद्या वाद होऊ शकतो. म्हणून शूटिंगच्या आधी एका कागदावर लिहा: निर्माता कोण, दिग्दर्शक कोण, फिल्म कुठे दाखवायची ते कोण ठरवणार. सगळ्यांच्या सह्या घ्या. जी माणसं पडद्यावर दिसणार त्यांचीही लेखी संमती घ्या, आणि एडिट पक्कं करण्याआधी कच्ची फिल्म त्यांना विहारात बसवून दाखवा. कुणी म्हणालं 'हे काढ', तर का ते विचारा आणि काढा.