खिशातला गेम, कट्ट्यावरची माणसं

ब्रिक गेम आठवतोय? तोच तो, प्लॅस्टिकचा, छातीवर '९९९९ इन १' असं ठोकून लिहिलेला. प्रत्यक्षात आत विटा, रणगाडा, रेसकार असे जेमतेम आठ-दहा गेम्स असायचे आणि बाकीचे सगळे त्यांचेच स्पीड बदललेले भाऊबंद. मग घरात नोकिया आला, त्यात साप आला आणि शेवटच्या बाकाचं सोनं झालं. तो साप कुणी केला, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कुणालाच पडला नाही. १९९७ मध्ये नोकिया ६११० साठी तो तानेली अर्मांटो नावाच्या फिनलंडच्या इंजिनीअरने लिहिला होता. माणूस एक, गेम एक आणि खेळणारी आख्खी दुनिया!

मंडळी, अशी माणसं आजही आहेत. हातात मावणाऱ्या छोट्या मशीनसाठी एकट्याने किंवा दोघातिघांत गेम्स बनवणारी. त्यातल्या बऱ्याच जणांचा दिवस तुमच्या-माझ्यासारखाच जातो. स्टँड-अप, कॉल, डबा, पुन्हा कॉल. आणि रात्री साडेदहानंतर, घरातले झोपले की, यांचा दुसरा जन्म सुरू होतो.

आमचा एक मित्र त्यातलाच. दिवसा टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. रात्री तो गेमबॉयसाठी गेम लिहितो. हो, गेमबॉयच! निन्टेंडोने १९८९ मध्ये काढलेला तो करडा ठोकळा. तो आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जवळपास १२ कोटी विकले गेले, २००३ मध्ये उत्पादन बंद झालं. स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, छटा फक्त चार, मेमरी ८ किलोबाइट. तुमच्या फोनमधला गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो त्याच्या मेमरीत शिरणारसुद्धा नाही.

"पण आता कशाला?" असं मी विचारलं तेव्हा त्याने दिलेलं उत्तर मला पटलं. मोठा गेम करायचा तर शंभर माणसं लागतात. मोबाइलचा गेम एकट्याला करता येतो, पण स्टोअरमधल्या त्या जत्रेत तो कुणाला सापडणार? इथे मात्र मर्यादाच एवढी की एक माणूस सगळं डोक्यात मावून घेऊ शकतो. चित्र, आवाज, कोड, सगळं. शिवाय असा गेम कॉम्प्युटरवर चालतो, ब्राउझरमध्ये चालतो आणि बाजारात मिळणाऱ्या त्या स्वस्त चायनीज हँडहेल्डवरही चालतो.

त्याच्या गेमचं नाव आहे 'चौथी सीट'. संध्याकाळची स्लो लोकल, दादरला चढायचं, आणि कोण कुठे उतरणार हे चेहऱ्यावरून ओळखून बसायला जागा पटकवायची. बास. सॉलिड फंडा आहे की नाही?

आता गंमत अशी, की हे सगळं शिकायचं कुठे? गेमबॉय चालू होता त्या काळात निन्टेंडोचे डेव्हलपमेंट किट फक्त परवानाधारक कंपन्यांना मिळायचे. वर एक कुलूपही होतं. मशीन चालू केलं की कार्ट्रिजमध्ये निन्टेंडोचा लोगो आहे का हे ते तपासतं. तो ४८ बाइट्सचा लोगो जुळला नाही तर तिथेच थांबतं. म्हणजे परवानगीशिवाय गेम काढायचा तर दुसऱ्याचा ट्रेडमार्क आत छापा, आणि छापलात की कोर्टात या! (साधारण अशाच युक्तीवरून सेगा आणि अकोलेड या कंपन्यांची अमेरिकेत जुंपली होती. १९९२ मध्ये अपील कोर्टाने अकोलेडची बाजू घेतली.)

तरी लोकांनी ते मशीन आतून उलगडलं. १९९५ मध्ये 'पॅन' या टोपणनावाच्या एकाने गेमबॉयच्या अंतरंगाची एक टिपणवही सुरू केली. ती 'पॅन डॉक्स' आजही जिवंत आहे. तीस वर्षं उलटली, तरी लोक तिच्यात दुरुस्त्या करतात, भर घालतात. पगार नाही, बढती नाही, अप्रेझल तर नाहीच नाही. आपल्या ऑफिसातल्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन आठवा आणि मनातल्या मनात लाजा. मग २०१९ मध्ये क्रिस मॉल्टबी नावाच्या डेव्हलपरने 'जीबी स्टुडिओ' काढलं. फुकट, ओपन सोर्स, आणि कोडची एक ओळ न लिहिता, ठोकळे जुळवत गेमबॉयचा गेम करता येईल असं. या एका गोष्टीने चित्रकार, कथा लिहिणारे, संगीतवाले असे कितीतरी लोक या कट्ट्यावर येऊन बसले.

कट्टा हाच शब्द योग्य. कारण इथे काही खरी ऑफिसं नाहीत, मीटिंग रूम नाहीत. जगभरातली माणसं आपापल्या रात्री जागून एकमेकांची अडलेली गाडी ढकलतात.

मित्राची गाडी अडली देवनागरीवर. गेमबॉयची स्क्रीन म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलच्या टाइल्सची फरशी, आडव्या २० आणि उभ्या १८. इंग्रजीचं एक अक्षर एका टाइलमध्ये आरामात बसतं. आपलं? वर शिरोरेषा, तिच्याही वर मात्रा, खाली उकार, अलीकडे वेलांटी, आणि जोडाक्षरं आली की आनंदीआनंद. त्यात मशीनमध्ये एका वेळी सगळ्या मिळून ३८४ च टाइल्स मावतात, पात्रं आणि डब्यासकट. तीन आठवडे त्याने खटपट केली. मग 'गेम इंग्रजीतच करतो' वर आला. मला वाईट वाटलं. लोकलमधली चौथ्या सीटवरची बाई इंग्रजीत भांडणार? जमेल का ते!

शेवटचा उपाय म्हणून त्याने कट्ट्यावर स्क्रीनशॉट टाकला. उत्तर आलं ब्राझीलमधल्या एका माणसाचं, ज्याला मराठीतला 'म' माहीत असण्याची शक्यता शून्य. तो म्हणाला, मला ही लिपी वाचता येत नाही, पण तुमच्या सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून एकच रेघ जाते असं दिसतंय. मग ती रेघ एकदाच काढ ना! प्रत्येक अक्षर दोन टाइल्स उंच कर. खाली अक्षराचं अंग, वर रेघ. ज्या अक्षरावर मात्रा नाही त्या सगळ्यांना वरची टाइल एकच.

मित्र म्हणे पाच मिनिटं नुसता बघत बसला. बालवाडीपासून ही लिपी लिहिणाऱ्याला जे दिसलं नाही, ते तिला नुसतं चित्र म्हणून बघणाऱ्याला दिसलं. टाइल्स वाचल्या, गेम मराठीत राहिला.

मला यातली खरी गोष्ट वाटते ती अशी. सपोर्ट म्हटलं की आपण लाइक ठोकतो, 'भारी यार', 'ऑल द बेस्ट' लिहितो आणि पुढे सरकतो. एकट्याने गेम करणाऱ्याला त्याचा उपयोग दहा मिनिटं. त्याला हवा असतो कुणीतरी जो स्क्रीनशॉट नीट बघेल. कुणीतरी जो गेम शेवटपर्यंत खेळून सांगेल, की बाबा रे, घाटकोपरपर्यंत मजा आली, मग बोअर झालं. आणि त्याला हवी असते तारीख! घरच्या प्रोजेक्टला डेडलाइन नसते, म्हणून तो कधीच संपत नाही. (जिमच्या वार्षिक मेंबरशिपचं काय होतं, आठवतंय ना?) यावर कट्टेवाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे गेम जॅम. 'जीबीजॅम' नावाची अशीच एक स्पर्धा २०१२ पासून होते. १६० बाय १४४, चार रंग, थोडे दिवस, करा सुरू. जिंकायचं फारसं कुणाच्या मनात नसतं. संपवायचं असतं.

जॅममध्ये घाईघाईत केलेल्या गोष्टी पुढे कुठे जातात याचं माझं आवडतं उदाहरण 'सेलेस्ट'. पिको-८ नावाचा एक काल्पनिक कन्सोल आहे. काल्पनिक म्हणजे असं मशीन कधी बनलंच नाही, फक्त त्याचं सॉफ्टवेअर आहे. १२८ बाय १२८ ची स्क्रीन, १६ रंग. इथला रिवाज मस्त आहे. कुणाचाही गेम उघडून आतला कोड वाचता येतो. म्हणजे प्रत्येक गेम हा पुढच्याचा क्लास! मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत त्यावर एक डोंगर चढायचा छोटा गेम केला. २०१८ मध्ये त्याचा मोठा अवतार आला आणि जगभर गाजला.

पण सगळंच काही गुडीगुडी नाही हं. कट्ट्यावरच्या उत्साहाला फॅक्टरी चालवता येत नाही, हे 'पँडोरा'ने दाखवलं. कोरियातल्या कंपन्यांनी २००१ मध्ये जीपी३२ आणि २००५ मध्ये जीपी२एक्स ही हँडहेल्ड काढली होती. कुणीही यावं, गेम लिहावा, परवाना-बिरवाना नको. त्यांच्याभोवती जमलेल्या उत्साही लोकांनी ठरवलं, आता आपणच आपलं स्वप्नातलं मशीन बनवू. २००८ मध्ये पैसे भरून ऑर्डर्स घेतल्या. पहिली मशीन्स घराबाहेर पडली २०१० मध्ये, आणि कित्येकांना त्यानंतरही भरपूर वाट बघावी लागली. पझेशनची तारीख ऐकत बसलेल्या फ्लॅटवाल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. मशीन चांगलं होतं, माणसं प्रामाणिक होती, पण मैत्रीत पैसा अडकला की काय होतं ते झालं. पॉकेटचिपचं तसंच. २०१६ मध्ये आलेलं गोजिरवाणं हँडहेल्ड, सोबत पिको-८ मोफत. २०१८ मध्ये कंपनीच बुडाली. पिको-८ चं काहीही बिघडलं नाही, कारण ते त्या डब्यावर अवलंबूनच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला 'प्लेडेट'. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या पॅनिक कंपनीचं पिवळं, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचं, बाजूला चक्क फिरवायची दांडी असलेलं यंत्र. २०२१ मध्ये पहिली २० हजार वीस मिनिटांत बुक झाली, मग बॅटऱ्या खराब निघाल्या, त्या सगळ्या बदलल्या आणि २०२२ मध्ये मशीन्स लोकांच्या हातात पडायला लागली. मला त्यांची एकच गोष्ट फार आवडली. गेम बनवायचं सामान फुकट आहे आणि त्यासोबत कॉम्प्युटरवर चालणारं नकली प्लेडेटही मिळतं. यंत्र न घेताही तुम्ही गेम करू शकता. मेंबरशिप फी न घेता क्लबात बसवल्यासारखं!

या कट्ट्यांना एक जुना डागही आहे, चोरीच्या गेम्सचा. निन्टेंडो डीएसच्या काळात 'आर४' नावाचं कार्ड आलं. घरगुती गेम चालवणाऱ्यांना ते वरदान, आणि फुकट्यांनाही. २००९ मध्ये टोकियोच्या कोर्टाने त्याची विक्री थांबवली. त्यात सुक्याबरोबर ओलंही जळालं. म्हणून आज चांगल्या कट्ट्यांवर 'अमुक गेमची कॉपी कुठे मिळेल' विचारलंत तर थेट दरवाजा दाखवतात. मला हा कडकपणा मान्य आहे. स्वतः बनवलेल्या गेमचे पैसे मागायचे असतील तर दुसऱ्याच्या गेमची चोरी खपवून कसं चालेल?

पैशांचं म्हणाल तर फार नाहीत. 'इच' नावाच्या दुकानात (२०१३ पासून आहे) गेमची किंमत तुम्ही ठरवायची आणि दुकानदाराला किती टक्के द्यायचे तेही तुम्हीच, अगदी शून्यसुद्धा. कल्पना छान, पण त्यावर घराचा ईएमआय निघत नाही. ज्यांना पूर्ण वेळ उतरायचंय त्यांची कथा वेगळी आणि खडतर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' साठी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो अपुरा पडला. तरी ते टिकले आणि २०२० मध्ये 'राजी' आधी निन्टेंडो स्विचवरच आला. पुण्यातला गेम, जगाच्या हातात.

मला खरी काळजी वाटते ती कट्टा झाडणाऱ्यांची. नव्या पोराचा तोच तोच प्रश्न चाळिसाव्यांदा आला तरी न वैतागता उत्तर देणारे, भांडणं सोडवणारे, टिपणं नीट लावून ठेवणारे. हे लोक थकतात आणि एक दिवस गुपचूप निघून जातात. हल्ली तर उत्तरं चॅटमध्येच दिली जातात. पंधरा दिवसांत ती वर सरकून गायब. पुढचा पोरगा पुन्हा तेच विचारतो. पॅन डॉक्स टिकलं, कारण कुणीतरी बोललेलं लिहून ठेवलं.

मित्राने मात्र एक चांगलं केलं. देवनागरी टाइल्सचा आपला आख्खा संच, कसा केला त्याच्या टिपणासकट, सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. 'चौथी सीट' अजून मुलुंडपर्यंतच पोचलाय, कारण त्याच्या रात्री आता अक्षरांच्या फर्माइशी पुरवण्यात जातात. परवा नेपाळमधून एकाने 'क्ष' आणि 'ज्ञ' मागितले. 'क्ष' झालाय. 'ज्ञ' काही केल्या आठ पिक्सेलांत बसेना, तेव्हा त्याला दोन टाइल्सची रुंदी द्यायचं चाललंय.