परगांवचें बिऱ्हाड

कोठें जावयाचें, हा प्रश्न आमच्या घरांत एका संध्याकाळीं सुटला. कोठें उतरावयाचें, या प्रश्नानें मात्र तीन आठवडे घेतले. आमचा पुतण्या फ्रान्समध्यें तूलूझ शहरीं नोकरीस आहे. २०२४ च्या जुलैमध्यें सर्व कुटुंबानें तिकडे एकत्र यावें, आणि पॅरिसच्या गर्दींत न पडतां नैर्ऋत्येकडील दोर्दोन्य जिल्ह्यांत, एखाद्या खेड्यांत, आठ-नऊ दिवस स्वस्थ राहावें, असें त्यानेंच सुचविलें. माणसें मोजलीं तों ११ भरलीं : ७८ वर्षांच्या आमच्या मातुःश्री, ज्येष्ठ बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, भगिनी व तिचे यजमान, स्वतः पुतण्या, आणि तीन मुलें; त्यांतलें धाकटें सहा वर्षांचें.

प्रवासवर्णनांत उतरण्याच्या जागेला सहसा एका ओळीपलीकडे स्थान मिळत नाहीं. परंतु एवढ्या माणसांच्या सहलीचें सुखदुःख प्रेक्षणीय स्थळांपेक्षां बिऱ्हाडावरच अधिक अवलंबून असतें, असा आम्हांस अनुभव आला. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज परदेशीं आहेत. त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून या महिन्यांत त्याविषयींच लिहितों.

फ्रान्सच्या खेड्यांत राहण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला हॉटेलचा, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा ‘शांब्र दोत’, म्हणजे यजमानाच्या राहत्या घरांतील पाहुण्यांच्या खोल्या. कायद्यानें अशा घरांत पांचांहून अधिक खोल्या व पंधरांहून अधिक पाहुणे ठेवतां येत नाहींत. स्वागत घरच्या मंडळींनींच करावयाचें असतें. सकाळची न्याहारी व अंथरुणाच्या चादरी भाड्यांतच येतात. कांहीं घरीं रात्रीचें जेवणहि मिळतें. तें मात्र यजमानाच्या टेबलाशीं, सर्वांना एकच बेत, आणि फक्त त्या घरीं मुक्कामास असलेल्यांनाच.

तिसरा प्रकार ‘झीत’. हें स्वयंपाकघरासह संपूर्ण स्वतंत्र घर. बहुधा आठवड्याच्या भाड्यानें घ्यावयाचें आणि आपला संसार आपण चालवावयाचा. खेड्यांतील माणसें शहरांकडे निघून गेलीं व घरें-गोठे ओस पडूं लागले, तेव्हां ते दुरुस्त करून सुटीच्या दिवसांत शहरवासीयांना भाड्यानें द्यावेत, म्हणजे शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि जुन्या इमारतीहि टिकतील, या विचारांतून हा प्रकार निघाला. आल्प्सच्या दक्षिण भागांतील एका जिल्ह्यांत १९५१ सालीं असें पहिलें घर उघडलें, आणि १९५५ सालीं अशा घरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. हा संघ दर्जाप्रमाणें एकापासून पांचापर्यंत गव्हाच्या ओंब्या देतो; सरकारी वर्गवारी ताऱ्यांची आहे. ओंब्या व तारे सुखसोयींची ग्वाही देतात. तें घर आपल्या माणसांना मानवेल कीं नाहीं, हें मात्र त्यांवरून कळत नाहीं.

पुतण्यानें तीन जागांचीं छायाचित्रें धाडलीं. पहिली, गांवापासून नऊ किलोमीटरवर अक्रोडांच्या बागेंतलें जुनें दगडी शेतघर. पुढें पोहण्याचा तलाव. दुसरी, पांच खोल्यांचें शांब्र दोत. तिसरी, सार्ला या बाजारपेठेच्या गांवाजवळील एका खेड्यांत, चर्चमागच्या गल्लींतलें अरुंद दुमजली घर. छायाचित्रांत पाहण्यासारखें विशेष कांहीं नाहीं. तलाव पाहतांच मुलांनीं शेतघराच्या बाजूनें आरडाओरड सुरू केली. बंधूंना तेथील एकांत आवडला. आमचेंहि मत तिकडेच झुकलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

अशा चर्चेंत वहिनी सहसा बोलत नाहींत. बत्तीस वर्षें शाळेंत शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण त्या बत्तीस वर्षांत घरचा एक स्वयंपाक त्यांना चुकला नाहीं. त्या रात्रीं त्यांनीं एवढेंच विचारलें, “तिथें सकाळचा पहिला चहा कोण करणार?” कोणीच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां त्या पुढें म्हणाल्या, “दुपारीं अकरा पानें, रात्रीं पुन्हां अकरा. इथें निदान भांडीं घासायला बाई येते. मग मी सुटीवर चाललें आहें, कीं माझी बदली झाली आहे?”

मंडळी हंसली, वहिनी हंसल्या नाहींत. मग मात्र घर निवडणें म्हणजे काय, याचा विचार आम्हीं प्रथमच नीट केला.

वहिनींच्या म्हणण्याप्रमाणें पाहिलें तर शांब्र दोत उत्तम. परंतु मातुःश्रींचा प्रश्न होताच. त्या कटाक्षानें शाकाहारी, आणि १७ जुलैला आषाढी एकादशी. त्या दिवसापासून चातुर्मासांत कांदा-लसूणहि वर्ज्य. दोर्दोन्य म्हणजे जुना पेरिगोर प्रांत. तेथील पाकशास्त्र बदकाच्या व हंसाच्या चरबीवर उभें आहे. सार्लाचे प्रसिद्ध बटाटेसुद्धां बदकाच्याच चरबींत परततात. म्हणजे समोर आलेली बटाट्याची भाजी शाकाहारी असेलच, असा भरंवसा नाहीं. चीजची गोष्टहि तशीच : रोकफोर, कोंते अशा परंपरागत प्रकारांना वासराच्या जठरांतून काढलेलें विरजण लागतें. यजमानीण कितीहि सज्जन असली तरी आठ दिवस तिनें एका वृद्ध पाहुणीसाठीं वेगळें रांधावें, हें आम्हांला रुचेना आणि मातुःश्रींना तर मुळींच रुचेना. “माझ्यापायीं कुणाला तोशीस नको, मी फळांवर राहीन,” असें त्या म्हणूं लागल्या. तें ऐकून वहिनीच अस्वस्थ झाल्या. एकीला ज्या स्वयंपाकघराचा आधार, दुसरीला त्याचाच जाच, असा हा पेंच होता.

शेवटीं भगिनीनें मार्ग काढला. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिल्या दोन रात्रीं शांब्र दोत घ्यावें, म्हणजे दमलेल्या माणसांना चुलीपुढें उभें राहावें लागणार नाहीं. मातुःश्रींसाठीं दशम्या व मेतकूट बरोबर असेलच. नंतरचा आठवडा झीतमध्यें काढावा. जुलै-ऑगस्टांत झीत बहुधा शनिवार ते शनिवार असेंच मिळतें, त्यामुळें गुरुवारीं ११ तारखेस पोहोंचून १३ तारखेस घर ताब्यांत घेणें सोयीचें झालें. वहिनींनीं एकच अट घातली : कामांचें वेळापत्रक आधीं, विसार मागाहून. सकाळचा चहा बंधूंकडे, रात्रींचा स्वयंपाक आळीपाळीनें एक पुरुष व एक मूल यांजकडे, भांडीं आमच्याकडे. कागदावर सर्वांच्या सह्या झाल्या आणि मगच पैसे धाडले.

शेतघर कां सोडलें, हेंहि सांगतों. फ्रान्सच्या खेड्यांत बस क्वचित् असते. आमच्यांत मोटार हांकणारे दोघेच : पुतण्या, आणि आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आलेले भगिनीचे यजमान. साध्या परवान्यावर चालकासह नऊ आसनांची गाडी चालवितां येते, म्हणून तशी एक गाडी व पुतण्याची लहान मोटार यांत सर्वजण मावले; दहा वर्षांखालील मुलासाठीं वेगळें आसन लागतें, तेंहि मिळालें. परंतु नऊ किलोमीटरवरच्या घरांत मोटार न चालविणारीं माणसें दिवसभर दुसऱ्याच्या मर्जीचीं बंदी होतात. ज्या एकांताची बंधूंना ओढ, तो मातुःश्रींना कोंडवाडा झाला असता. शिवाय तलाव. २००३ च्या कायद्याप्रमाणें अशा तलावाला कुंपण, झांकण, छत किंवा धोक्याची घंटा यांपैकीं एक तरी साधन असावेंच लागतें. चौकशी करतां तेथें फक्त घंटा असल्याचें कळलें. आणि घंटा वाजते ती मूल पाण्यांत पडल्यावर.

गल्लींतल्या घराविषयीं आम्हीं मालकिणीला पत्र लिहून जें विचारलें, तें कोणींहि विचारावें. माणसांची संख्या न विचारतां खोल्या व पलंग विचारावे; ‘११ जणांची सोय’ यांत दिवाणखान्यांतला उघडता सोफाहि धरलेला असतो. तळमजल्यावर एक निजण्याची खोली व शौचकूप आहे काय, जिने किती अरुंद, न्हाणीघरें किती, हें विचारावें. जुन्या घरांत शौचकूप न्हाणीघराहून वेगळा असतो. मोठ्या कुटुंबाला तें सोयीचेंच. चादरी-टॉवेल भाड्यांत आहेत कीं वेगळे, निघतांना सफाई कोणी करावयाची, अनामत किती, हेंहि लेखी घ्यावें. मुक्कामाचा कर दर प्रौढामागें दर रात्रीं पडतो. अठरा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

आगाऊ रकमेंतहि भेद आहे. करारांत ‘आर्र’ असा शब्द असेल तर तो आपल्याकडील विसारासारखा समजावा : आपण माघार घेतली तर रक्कम बुडते, आणि मालकानें घेतली तर त्यानें दुप्पट परत करावयाची. ‘अकोंत’ असेल तर दोन्ही पक्ष कराराला बांधले जातात व माघार महाग पडते. व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा व किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा द्यावा लागतो. म्हणजे व्हिसा हातीं येण्यापूर्वींच जागा ठरवावी लागते. म्हणून हा शब्द आधीं वाचावा. आमच्या करारांत ‘आर्र’ होता, आणि तेवढाच धोका आम्हीं पत्करला.

एवढें विचारूनहि एक गोष्ट राहिलीच. झीतमधील पहिल्या सकाळीं चौथें माणूस न्हावयास गेलें आणि ओरडत बाहेर आलें. गरम पाण्याची टाकी २०० लिटरांची, आणि वीज स्वस्त असते त्या वेळींच, म्हणजे रात्रीं, ती तापणार. सकाळीं सर्वांनीं न्हाऊन मगच चहा घेण्याची आपली रीत त्या टाकीला ठाऊक नव्हती. त्या दिवसापासून निम्म्या मंडळींनीं रात्रीं न्हावें, असें ठरलें. तरी मोठ्या कुटुंबानें टाकीचें माप जरूर विचारावें.

आतां मुख्य गोष्ट. घरापासून पावाचें दुकान दोनशें पावलांवर होतें. रविवारीं, १४ तारखेस, त्यांचा राष्ट्रीय सण होता. त्या सकाळीं मातुःश्री चौदा वर्षांच्या नातीला घेऊन पाव आणावयास गेल्या. सोमवारीं कोणाला न सांगतां एकट्याच गेल्या, आणि रिकाम्या हातीं परत आल्या. सोमवार त्या दुकानाचा सुटीचा वार होता. आम्ही मोटार काढावयास निघालों, तर त्या म्हणाल्या, “राहूं दे. उद्यां मीच आणीन.” मंगळवारीं त्यांनीं पाव आणला, आणि उरलेली मोड स्वतः मोजून बंधूंच्या हातीं ठेविली. आजोबा वारल्यापासून सहा वर्षें त्या आमच्या कोणाच्या सोबतीवांचून फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या.

बुधवारीं एकादशी, सार्लाचा बाजार बुधवारीं व शनिवारीं भरतो. पेरिगोरचे अक्रोड व स्ट्रॉबेरी प्रसिद्ध आहेत; दोन्ही उपासाला चालतात, आणि साबुदाणा घरून नेलेला होता. बटाटे आम्हीं आमच्या तुपांत परतले. त्या रात्रीं खिचडी करण्याची पाळी बंधूंची होती. ती तळाशीं लागली. वहिनी उठूं लागल्या, तशा मातुःश्रीच म्हणाल्या, “सूनबाई, बसा. वेळापत्रकांत तुमचें नांव नाहीं.” सर्वांनीं ती खिचडी खाल्ली.

पाहण्याजोगें त्या परिसरांत पुष्कळ आहे. १९४० सालीं सांपडलेलें व १९६३ पासून लोकांना बंद असलेलें लास्कोचें चित्रगुहेचें स्थान जवळच आहे; त्याची २०१६ सालीं उघडलेली संपूर्ण प्रतिकृति मुलांनीं दोनदां पाहिली. डोंगरमाथ्यावरचा, १२८१ सालीं वसविलेला दोम गांवहि पाहिला. त्यांविषयीं पुन्हां कधीं तरी लिहूं.

परत आल्यावर कोणीं सहलीविषयीं विचारलें, कीं वहिनी गुहेचें नांव घेत नाहींत. सकाळीं सातला घराच्या दगडी पायरीवर बसावें, आंतून कपबशांचा आवाज यावा, आणि आयता चहा हातीं पडावा, हें त्या सांगतात. चहा फारसा चांगला नसे, हेंहि सांगतात. तें वेळापत्रक आतां येथील स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविलें आहे. बंधूंच्या नांवापुढील सकाळचा रकाना अद्याप खोडला गेलेला नाहीं. तो किती दिवस तसा राहतो, तें पाहावयाचें.