मुलांचे रुग्णालय आणि हिशेबाची जबाबदारी

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे. २०१७ साली वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे त्यांचे कौतुक झाले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत डब्लिन शहरात मुलांच्या राष्ट्रीय रुग्णालयाच्या बांधकामाचे जे प्रकरण गाजले त्याची आपल्याकडे फारशी वाच्यता झाली नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेचा आग्रह धरणाऱ्या साथींनी ते प्रकरण मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे.

डब्लिनमधील मुलांची तीन रुग्णालये एकत्र आणून एक अद्ययावत सार्वजनिक रुग्णालय उभारावे, ही मूळ कल्पना निर्विवाद चांगली होती. पहिल्या जागेला फेब्रुवारी २०१२ मध्ये नियोजन मंडळाने परवानगी नाकारली आणि तोवर झालेला मोठा खर्च वाया गेला. त्याच वर्षी सेंट जेम्स रुग्णालयाच्या आवाराची निवड झाली. आरंभी ६५ कोटी युरोंचा आकडा सांगितला जात असे. एप्रिल २०१७ मध्ये ९८.३ कोटींना मान्यता मिळाली. डिसेंबर २०१८ मध्ये तोच आकडा १४३.३ कोटींवर गेला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एकूण २२४ कोटी युरोंना संमती दिली. या आकड्यांत दर वेळी नेमक्या त्याच बाबी धरलेल्या नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे; पण बाबींचा फरक वजा केला तरी वाढ डोळे दिपवणारी आहे. आरोग्यमंत्री असताना वराडकरांनी २०१५ साली ग्वाही दिली होती की, पृथ्वीवर एखादा लघुग्रह येऊन आदळला नाही तर २०२० पर्यंत रुग्णालय उभे राहील. लघुग्रह आदळला नाही. २०२५ साल उजाडले तरी त्या इमारतीत एकही मूल दाखल झालेले नव्हते.

हे घडले कसे? लाचलुचपतीचा आरोप करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु येथे दोष पद्धतीतच होता, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे. काम लवकर सुरू व्हावे म्हणून निविदा दोन टप्प्यांची काढली गेली. तपशीलवार आराखडे तयार होण्यापूर्वीच, प्राथमिक आराखड्यांवरून अंदाजलेल्या परिमाणांच्या आधारे ठेकेदार निवडला गेला. पहिल्या टप्प्यात पायाचे काम. ते चालू असताना आराखडे पुरे करावयाचे आणि मग उरलेल्या कामाची कमाल किंमत ठेकेदाराशी बोलणी करून ठरवावयाची, अशी ही योजना. आराखडे पुरे झाले तसतशी परिमाणे वाढली आणि किंमत फुगली. दुसऱ्या टप्प्यापूर्वी थांबण्याची मुभा कागदोपत्री होती. पण नवी निविदा काढावी तर आणखी विलंब आणि बहुधा आणखी खर्च, असा सल्ला मिळाला. स्पर्धा असते ती निविदेच्या दिवशी. खड्डा खणून झाल्यावर बाजारात एकच विक्रेता उरतो व एकच गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजावे.

मला स्वतःला ते उशिरा समजले, हे कबूल करतो. एका शिक्षणसंस्थेच्या बांधकाम समितीवर मी काही वर्षे होतो. नकाशे अपुरे असताना आम्ही भूमिपूजन उरकले, आणि पुढे दर बैठकीत ‘जादा बाबीं’ची एक यादी समोर येई. मी प्रत्येक यादीवर सही केली. नाही म्हणावे तर अर्धी इमारत पावसात उभी होती.

आता जबाबदारीचा प्रश्न. खर्च वाढतो आहे याची कल्पना आरोग्यमंत्री सायमन हॅरिस यांना ऑगस्ट २०१८ मध्ये मिळाली होती. सप्टेंबरमध्ये संसदेतील प्रश्नाला दिलेल्या लेखी उत्तरात तिचा उल्लेख नव्हता. त्याबद्दल त्यांना पुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. अर्थमंत्र्यांपर्यंत वार्ता पोहोचली ती नोव्हेंबरमध्ये. वस्तुतः त्यांच्याच अखत्यारीतील, शासकीय खरेदीचा प्रमुख अधिकारी रुग्णालयाच्या विकास मंडळावर सदस्य होता! तेथे आपण वैयक्तिक नात्याने बसतो, असा त्याचा खुलासा. मंडळाच्या अध्यक्षांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्यात हॅरिस यांच्यावरील अविश्वासाचा ठराव ५३ विरुद्ध ५८ मतांनी फेटाळला गेला, कारण प्रमुख विरोधी पक्ष तटस्थ राहिला. चौकशी एका खासगी सल्लागार कंपनीकडे सोपविली गेली. तिने नियोजनातील व देखरेखीतील दोष स्पष्ट दाखविले, पण कोणा व्यक्तीवर ठपका ठेवला नाही. मंडळ, उपसमित्या, सुकाणू समित्या, खाते, मंत्री अशी उतरंड रचली की प्रत्येक जण कोणाला तरी कळवितो आणि उत्तर कोणीच देत नाही.

आणि याच दिवसांत, ३० जानेवारी २०१९ रोजी, आयर्लंडमधील परिचारिका वेतनासाठी व अपुऱ्या मनुष्यबळाच्या प्रश्नावर संपावर गेल्या. त्यांना सांगण्यात आले की, ही मागणी मान्य केली तर इतर कर्मचारीही पुढे येतील आणि तिजोरीला ते झेपणार नाही. रुग्णालयासाठी त्या एका वर्षात लागणारे सुमारे १० कोटी जादा युरो मात्र इतर कामांची रक्कम पुढे ढकलून उभे करण्यात आले. भिंतींचा ठेका करारात बांधलेला असतो, परिचारिकेचे वेतन तसे बांधलेले नसते. काटकसर कोणाच्या वाट्याला यावयाची हे येथेच ठरते.

‘सरकारला बांधता येत नाही, खासगी भांडवलाला द्या’ असा निष्कर्ष यातून काढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो उलटा आहे. शासनाने स्वतःचे अभियंते, वास्तुविशारद व परिमाणे मोजणारे लोक कमी केले आणि सल्लागार भाड्याने घेतले की, समोरच्याचा हिशेब तपासण्याची ताकदच त्याच्यापाशी उरत नाही. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याचीही तीच वाट चालू आहे, याकडे आपल्या कामगार आघाडीने लक्ष द्यावे.

महाराष्ट्राला तर या रोगाचे नावही पाठ आहे: सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘सुप्रमा’. पाटबंधारे प्रकल्पांच्या निमित्ताने हा शब्द गावोगाव पोहोचला. सुप्रमा हा अपवाद न राहता शिरस्ता झाला की मूळ अंदाजपत्रकाला अर्थ राहत नाही. कमी आकडा दाखवून मंजुरी मिळवावी आणि पुढे वाढवीत न्यावे, यातच शहाणपण ठरते.

म्हणून आपल्या जिल्ह्यात एखाद्या शासकीय वा महापालिकेच्या रुग्णालयाची घोषणा झाली की कार्यकर्त्यांनी भूमिपूजनापूर्वीच माहितीच्या अधिकाराखाली तीन कागद मागावेत: तांत्रिक मान्यता, निविदेच्या दिवशी आराखडे किती पुरे होते याची नोंद, आणि किंमत वाढविण्याचा अधिकार कोणत्या पदावरील व्यक्तीला आहे तो आदेश. २००५ च्या कायद्याचे कलम ४ पाहिले तर यातील पुष्कळशी माहिती न मागताच जाहीर करणे शासनावर बंधनकारक आहे. तिसरा कागद मिळाला नाही, तर अपील करावे आणि अपिलाची प्रत स्थानिक नगरसेवकाला व आमदाराला द्यावी.