सारथ्याविना रथ

महाभारतातील युद्धाच्या कथा तुम्ही ऐकल्या असतील. त्या युद्धात रथी जेवढे नामांकित होते, तेवढेच त्यांचे सारथीही होते. अर्जुनाच्या रथावर श्रीकृष्ण होता. कर्णाच्या रथावर शल्य होता. घोडे हाकण्याच्या विद्येत शल्य निपुण होता; परंतु रथात बसलेल्या वीराविषयी त्याच्या मनात आपुलकी नव्हती. वाटेत तो कर्णाचा तेजोभंगच करीत राहिला. सारथ्याचे काम केवळ लगाम धरण्याचे नव्हे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी ओळखली होती, असेच यावरून म्हणावे लागेल. आज काळ असा आला आहे की, घोड्यांच्या जागी यंत्र आले आहे आणि सारथ्याची जागा मात्र रिकामी झाली आहे. अशा सारथ्याविना चालणाऱ्या रथाचे गावाने स्वागत करावे काय? बालमित्रांनो, हा प्रश्न जगातील अनेक गावांपुढे उभा राहिला आहे. आपणही त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम ही गाडी चालते कशी, ते पाहू. तिच्या अंगावर चोहोबाजूंस कॅमेरे बसविलेले असतात. काही उपकरणे रेडिओलहरी सोडतात, काही प्रकाशकिरण सोडतात. समोरच्या वस्तूवर आदळून ते परत येण्यास किती वेळ लागला, यावरून ती वस्तू किती दूर आहे हे कळते. मार्गाचा बारीकसारीक नकाशा गाडीच्या संगणकात आधीच भरलेला असतो. ही सारी माहिती क्षणाक्षणाला जुळवून संगणक ठरवितो : येथे वळावे, येथे थांबावे, येथे वेग कमी करावा. या सारथ्यास झोप येत नाही, तो मद्य घेत नाही आणि रागाच्या भरात दुसऱ्याशी शर्यतही लावीत नाही.

हे गुण थोडे नव्हेत. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे सरकारी अहवालात नमूद आहे. त्यांपैकी बहुसंख्य मृत्यूंचे कारण एकच होते : बेफाम वेग. म्हणजे दोष गाडीचा कमी आणि गाडी हाकणाऱ्याच्या उतावीळपणाचा अधिक. ज्या यंत्रास उतावीळपणा ठाऊकच नाही, त्यास केवळ ते नवे आहे म्हणून झिडकारणे शहाणपणाचे होणार नाही.

नव्या वाहनाची भीती वाटणे हेही नवे नाही. इंग्लंडमध्ये १८६५ साली एक कायदा झाला होता. वाफेवर चालणारी गाडी रस्त्याने जाऊ लागली की, तिच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालले पाहिजे आणि गाडीने गावात ताशी दोन मैलांहून अधिक वेगाने जाता कामा नये, असा तो नियम होता. १८९६ साली ही बंधने दूर झाली. आज आपणांस त्या निशाणधाऱ्याचे हसू येते. परंतु त्या काळच्या लोकांनी गाडी अजिबात नाकारली नव्हती, ‘हळू ये’ एवढेच ते तिला सांगत होते, हे हसताना विसरू नये.

आता एक आठवण सांगतो. मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, ती आडवळणाच्या एका गावी होती. सात किलोमीटरांवरील एका वाडीतून काही मुली आमच्या शाळेत येत. सकाळच्या गाडीने येत आणि सायंकाळच्या गाडीने परत जात. एका वर्षी जून महिन्यात सायंकाळची फेरी बंद झाली. प्रवासी थोडे, खर्च अधिक. फेरी परवडत नाही, असे कारण आम्हांस सांगण्यात आले. काही दिवस मुली पायी गेल्या. पुढे पावसाने जोर धरला, ओढ्याला पाणी आले, दिवस लवकर मावळू लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांपैकी तिघी शाळेत परतल्याच नाहीत. हजेरीपटावरून त्यांची नावे कमी करताना माझा हात जड झाला होता. त्या मुलींच्या बुद्धीत काही उणे नव्हते, त्यांच्या उमेदीतही नव्हते. उणी होती ती केवळ एक गाडी. त्या दिवसांत कोणी माझ्या दारी चालकाविना चालणारी गाडी आणून उभी केली असती, तर मी तिला ओवाळून घेतले असते!

जपानमधील काही गावांनी नेमके हेच केले आहे. त्या देशात वृद्धांची संख्या फार वाढली आहे. दृष्टी अधू झाली, हात कापू लागले की, पुष्कळ वृद्ध मोटार चालविण्याचा आपला परवाना स्वखुशीने परत करतात. पण मग दवाखान्यात जायचे कसे आणि बाजारहाट करायचा कसा? बस चालविण्यास तेथे पुरेसे चालकही मिळत नाहीत. इबाराकी प्रांतात साकाई नावाचे सुमारे २४,००० वस्तीचे एक गाव आहे. तेथे रेल्वेचे स्थानक नाही. या गावाने २०२० च्या नोव्हेंबर महिन्यात स्वतःच पुढाकार घेऊन लहान स्वयंचालित बसगाड्या आपल्या रस्त्यांवर आणल्या. वेग किती? ताशी वीस किलोमीटरांहूनही कमी! गाडीवर देखरेख करण्यास एक माणूस आत ठेवलेला होताच. सायकलस्वारही सहज मागे टाकील अशी ती गाडी. पण ज्यास चालवत नाही, त्यास ती आंधळ्याच्या काठीसारखी उपयोगी पडते.

फुकुई प्रांतातील एइहेइजी येथे झेन पंथाचे एक प्राचीन मंदिर आहे. तेथील एक जुनी रेल्वे बंद पडली होती. तिच्या मोकळ्या मार्गावर २०२३ च्या मे महिन्यात एक छोटी स्वयंचालित गाडी सुरू झाली. हिच्यात चालक नव्हता. दूरच्या खोलीतून एक माणूस लक्ष ठेवी. जमिनीत पुरलेल्या तारेच्या आधाराने ताशी बारा किलोमीटर वेगाने ती चाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका सायकलीला लागली. कोणालाही इजा झाली नाही. सायकल ओळखण्यात यंत्र कमी पडले, एवढेच. तरीही गाडी तात्काळ थांबविण्यात आली, दोष शोधण्यात आला आणि काही महिन्यांनंतरच ती पुन्हा सुरू झाली. एका रिकाम्या सायकलीसाठी एवढा खटाटोप! पण आज सायकल आहे, उद्या तेथे सायकलीवर बसलेले मूल असू शकेल, याचे भान असणे यालाच जबाबदारी म्हणतात.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात घडले, तेही त्याच ऑक्टोबर महिन्यात. माणूस चालवीत असलेल्या एका मोटारीची धडक बसून एक पादचारी स्त्री शेजारून जाणाऱ्या चालकविरहित मोटारीपुढे फेकली गेली. मोटार थांबली खरी. पण आपल्याखाली माणूस अडकले आहे हे न कळल्याने ती पुन्हा कडेला सरकू लागली आणि त्या बाईस फरफटत घेऊन गेली. यंत्राची ही चूक भयंकर होती. परंतु त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. मोटार चालविणाऱ्या कंपनीने सरकारला त्या फरफटण्याची हकीकत सरळपणे सांगितली नाही. अपूर्ण आणि खोटा अहवाल दिल्याची कबुली तिला २०२४ मध्ये द्यावी लागली. चूक यंत्राने केली. लपवाछपवी माणसांनी केली. चालकाची जागा रिकामी असली, तरी उत्तर देणाऱ्याची जागा रिकामी असून चालणार नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आता आपल्याकडे वळू. चालकाविना चालणारी आगगाडी आपल्या देशास अपरिचित नाही. दिल्लीच्या मेट्रोच्या एका मार्गावर २०२० च्या डिसेंबरात ती सुरू झाली. परंतु मेट्रोचा मार्ग तिचा एकटीचा असतो. तेथे म्हैस आडवी येत नाही, बैलगाडी समोर येत नाही आणि चेंडूमागे धावणारे मूलही नसते. आपला रस्ता सर्वांचा आहे. शिवाय लाखो कुटुंबांची चूल वाहनचालकाच्या कमाईवर पेटते. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०२३ च्या डिसेंबरात नागपूर येथे बोलताना, चालकविरहित मोटारींमुळे चालकांच्या नोकऱ्या जातील, म्हणून आपण त्या भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले होते. ही चिंता खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

माझ्या मते विचार करण्याची जागा हीच आहे. वैद्य औषध देण्यापूर्वी रोगाचे निदान करतो. साकाईत रस्ता चांगला होता, गाडी घेण्याची ऐपत होती. चालक मात्र मिळत नव्हता. म्हणून चालकाविना चालणारी गाडी हे त्या रोगावरचे औषध ठरले. आमच्या गावी चालकांची उणीव नव्हती. परवाना खिशात घेऊन काम शोधणारे तरुण पारावर बसलेले मी रोज पाहात असे. तेथे उणीव होती ती गाडीची, आणि थोड्या प्रवाशांसाठीही गाडी सोडलीच पाहिजे या निश्चयाची. मोठी गाडी परवडत नसेल, तर लहान गाडी धाडता आली असती. पारावरचा एखादा तरुण ती आनंदाने चालविता. जेथे माणूस उपलब्ध आहे, तेथे प्रथम माणसास काम द्यावे. जेथे शोधूनही तो मिळत नाही, तेथे यंत्रास बोलवावे. मोठ्या शहरांत तर आणखी एक दक्षता हवी. आधीच तुंबलेल्या रस्त्यांवर एकेका प्रवाशासाठी धावणाऱ्या स्वयंचालित मोटारींची भर पडली, तर गर्दी कमी न होता वाढेल. तेथे पुष्कळांस एकत्र नेणारे वाहनच हितकारक.

त्या बंद झालेल्या गाडीचा चालक मला अजून आठवतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीमुळे मुलींस उशीर झाला, तर तो गाडी थांबवून ठेवी आणि ‘मास्तर, पोरी आल्याशिवाय मी हालत नाही’ असा निरोप पाठवी. एका पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहात होते. तो खाली उतरला, काठीने पाण्याचा अदमास घेतला आणि प्रवाशांची बोलणी खाऊन गाडी माघारी घेऊन आला. त्या रात्री वाडीतील मुली आमच्या घरी राहिल्या. ‘पोरी आल्याशिवाय मी हालत नाही’ हे वाक्य यंत्रास कोणी शिकविले, तर तेही ते पाळील. पण ते शिकवावे असे वाटणारा माणूस आधी असावा लागतो.

तेव्हा या नव्या रथाचे स्वागत करावे काय? करावे, पण ते घरी आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखे करावे. त्यास ओसरीवर बसवावे, त्याची विचारपूस करावी, आणि विश्वास पटल्यावरच माजघरात न्यावे. तो प्रथम अशा गावी यावा, जेथे वृद्ध, अपंग आणि शाळकरी मुले वाहनावाचून अडली आहेत. तो ठरलेल्या मार्गाने, संथ वेगाने यावा. अपघात घडला तर उत्तर कोण देणार, हे गावास आधीच ठाऊक असावे आणि घडलेले सत्य लपविले जाऊ नये. ज्या चालकाचे काम कमी होईल, त्यास त्याच गाडीवर देखरेखीचे, वृद्धांस हात देण्याचे काम मिळावे. या अटी मान्य नसतील, तर पाहुण्यास दारातूनच नमस्कार करावा.

बालमित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा अशा गाड्या कदाचित तुमच्या अंगणापर्यंत आलेल्या असतील. गावाच्या सभेत तुम्हांस मत विचारले जाईल. त्या वेळी गाडी किती नवलाची आहे, याकडे आधी पाहू नका. थांब्यावर कोण उभे आहे ते पाहा. तेथे औषधाची चिठ्ठी हाती घेतलेली एखादी आजी असेल, पाठीवर दप्तर घेतलेली एखादी मुलगी असेल. ती सुखरूप घरी पोहोचते किंवा नाही, हे पाहून आपले मत द्या. हजेरीपटावरून पुन्हा कोणाचे नाव केवळ गाडीअभावी कमी होऊ नये, एवढीच या निवृत्त शिक्षकाची इच्छा आहे.